नऊचे तीन झाले

मी बल्गेरियातल्या एका खेड्याचा सूचनाफलक बोलतोय. अंगाने अक्रोडाचा, मुक्काम ग्रामपंचायतीच्या दारात. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद माझ्यावर लागतो. चाळीस दिवसांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. माझ्याइतका लोकसंग्रह सरपंचालाही जमला नाही.

कागदावर ‘अचानक निधन’ लिहिलेलं असलं की बहुतेक वेळा पक्षाघात समजायचा. नर्स त्सोंका असे कागद मोजत असते. शेजारच्या खोलीत ती दर मंगळवारी लोकांचा रक्तदाब तपासते. म्हणजे जे येतात त्यांचा. म्हातारा गेंचो कधीच आत गेला नाही. समोरच्या बाकावर बसून तो टोमॅटोवर मुठीने मीठ घालतो.

“गेंचोकाका, गोळ्या घेता ना?”

“डोकं दुखलं की घेतो. आणि दुखतंय कुठे?”

आज सकाळी जिल्ह्याचे साहेब आले आणि त्यांनी माझ्यावर कागद लावला. दहा वर्षांपूर्वी गावात पक्षाघाताने नऊ जण गेले, गेल्या वर्षी तीनच. अभिनंदन. सबब तपासणीची खोली आजपासून बंद.

“साहेब, तेव्हा गावात मोठी माणसं सहाशे होती,” त्सोंका म्हणाली. “आता एकशेवीस. हजारी पंधरा जात होते, आता पंचवीस जातात. याला कमी म्हणायचं?”

“मग बाकीचे गेले कुठे?”

“निम्मे जर्मनीला. निम्मे तुमच्या पाठीमागे.”

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग रक्तदाबाचं यंत्र सरकारी म्हणून गाडीत ठेवलं आणि गेले. मला फार वाईट वाटलं, पण लाकडाला विचारतो कोण!

गाडी दिसेनाशी झाल्यावर गेंचोकाका बाकावरून उठला. बाही वर सारून त्सोंकासमोर उभा राहिला.

“मोज बाई एकदाचं. मघापासून हा हात जड झालाय.”

त्सोंकाने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“काका, जरा हसून दाखवा.”

तो हसला. अर्ध्याच तोंडाने.

तिने त्याला बाकावर आडवं केलं, फोन केला. रुग्णवाहिका निघाली आहे म्हणतात. रस्ता पंचेचाळीस किलोमीटरचा आहे. त्सोंका त्याचा हात धरून बसली आहे आणि त्याला बोलतं ठेवते आहे.

मंडळी, माझ्यावर जागा भरपूर आहे. त्यातली काकासाठी कुणी धरू नये, एवढीच विनंती.