जावयानं बसवलेली कॅप

रूट कॅनॉल होऊन तीन आठवडे झाले, कॅप बसून दोन, आणि तरी डाव्या बाजूनं घास चावला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. नवरा म्हणाला, लवंग धर. जाऊबाई म्हणाल्या, मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर. शेजारणीनं तर दाढ मुळासकट उपटायलाच सांगितली. तिचं काय जातंय?

डॉक्टरला दाखव, असं मात्र कुणी म्हणेना, कारण डॉक्टर म्हणजे आमचे जावई. दवाखाना नवा, तिथली पहिली कॅप माझी. आलेल्या प्रत्येक पेशंटला लेक सांगते, माझ्या आईचीच दाढ बघा ना. मग आईची दाढ ठणकतेय हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

आणि चूक कुणाची, तर माझीच. कॅप बसवताना जावयांनी दातांमध्ये निळा कागद धरून पुन्हा पुन्हा विचारलं होतं, उंच लागतेय का. लागत होती. दाताखाली खडा यावा तशी लागत होती. पण लेक ट्रे धरून शेजारी उभी, जीव मुठीत घेऊन. "नाही हो, अगदी छान बसलीय," मी म्हणाले.

मी कारखान्यात बेअरिंग तपासते. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवते, मग सुपरवायझर कितीही आदळआपट करो. तिथं मला खडूस म्हणतात आणि मला त्याचा अभिमान आहे. अशी मी जावयापुढे शेळी झाले!

काल डबा खाताना पॅकिंगमधली मैत्रीण म्हणाली, मला कॅप बसवायचीय, तुझ्या जावयाकडे जाऊ का? तू पास केलंस म्हणजे बघायलाच नको, असंही वर म्हणाली. मी घास उजवीकडे सरकवला. हो म्हणवेना. स्वतःचीच इतकी चीड आली, की सुटल्याबरोबर तडक दवाखाना गाठला.

दुखतंय म्हटल्यावर जावयांचा चेहरा उतरला. त्यांनी कॅप जराशी घासली, चावायला लावलं, पुन्हा घासली. पाच मिनिटांत खडा गेला. एवढ्यासाठी दोन आठवडे मी एकाच बाजूनं चावून काढले होते. उरलेला ठणका चार-आठ दिवसांत जाईल, ते म्हणाले, आणि मग हळूच विचारलं, की त्या दिवशीच का नाही सांगितलं. मी म्हटलं, तुम्हा दोघांना वाईट वाटलं असतं.

लेकीनं हातातला ट्रे खाली ठेवला.

"आई, लग्न ठरवताना मी तुला विचारलं होतं, मुलगा कसा वाटतो. तू छान म्हणालीस. ते तरी खरं होतं का?"

जावई हातातलं यंत्र पुसायला लागले. त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

"ते खरं होतं," मी म्हणाले. "तुझी शपथ."

"बरं," ती म्हणाली आणि माझ्या गळ्याभोवतीचा कागदी रुमाल सोडू लागली. माझ्याकडे न बघता. मी अगदी खरं बोलले होते आणि तिला ते पटलं नव्हतं. पोटच्या पोरीपुढे खरं बोलूनही मी खोटी ठरले, आता चिडायचं तरी कुणावर?