खुंटाला पाणी

आमच्या अंगणातला गुलाब मेलेला आहे हे घरात फक्त मला माहीत आहे, असं मी पावणेदोन वर्षं समजत होते.

मेलेला म्हणजे वाळलेला नव्हे. तो माझ्या कंबरेच्या वर गेला होता, हिरवागार होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे कपडे फाडत होता. फक्त तो गुलाब उरला नव्हता.

माझी मुलगी दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी सासूबाईंनी तो लावला. आम्ही फाटकातून आत आलो तेव्हा त्या गुडघ्यावर बसून खड्डा खणत होत्या. हात मातीचे, म्हणून बाळाला घेतलं नाही. कोपर पुढे करून दुपट्याला लावलं आणि पुन्हा खणायला लागल्या. मुलीने असा काही टाहो फोडला की शेजारी दार उघडून बाहेर आले. नवऱ्याने तिथल्या तिथे तिचं नाव भोंगा ठेवलं. सहा-सात महिने ते चाललं. मग ते नाव घरातून कधी गेलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

दर रविवारी संध्याकाळी सासूबाईंचं प्रार्थनेचं मंडळ अंगणात बसतं. दहा-बारा बायका, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाच मिनिटं प्रार्थना आणि पंचावन्न मिनिटं सासूबाई. मन म्हणजे वाफा. शंका म्हणजे लव्हाळा; वरून उपटा, खालच्या गाठीतून दहा फुटतात. दुःख म्हणजे खत, नीट कुजल्याशिवाय कामाचं नाही. आणि श्रद्धा म्हणजे छाटणी. कात्री धरणारा हात थरथरला की संपलं. बायका वहीत लिहून घेतात. एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्या तर समास सोडून लिहितात.

मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली आहे. ह्या घरात ती गोष्ट फक्त चेष्टेला उपयोगी पडते.

विकतचा गुलाब म्हणजे खरं तर दोन झाडं. खाली रानगुलाबाचा खुंट, काटक, कशातही जगणारा. त्याच्या सालीला चीर देऊन तिथे चांगल्या गुलाबाचा डोळा बसवतात. तो फुटला की वरचं सगळं चांगल्या गुलाबाचं. जोडाच्या जागी एक गाठ असते. छाटताना कितीही खाली या, त्या गाठीच्या खाली जायचं नाही. गेलात तर उरतो नुसता खुंट, आणि तो दुप्पट जोमाने फुटतो.

पहिल्या थंडीत सासूबाईंनी मंडळासमोर छाटणी केली. मुलगी तेव्हा आठ-नऊ महिन्यांची होती. मी तिला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. कात्री लावण्याआधी त्या म्हणाल्या, "आमच्या सूनबाईंकडे झाडांची पदवी आहे बरं का. साधी मिरची काही जगत नाही हाताला, पण पदवी आहे." बायका हसल्या. त्याच हशात त्यांनी कात्री चालवली.

मंडळ उठल्यावर केर टाकायला गेले तर टोपलीत वरच तो तुकडा. बोटाएवढा, आणि त्याच्या खालच्या टोकाला ती गाठ, अख्खी.

मी तुकडा हातात धरून उभी राहिले. आत जाऊन सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. नवं कलम आणता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. मी तो टोपलीच्या तळाशी ढकलला आणि वर भाजीची सालं टाकली. झाकली मूठ. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला छान झोप लागली.

पुढे रोज सकाळी मी खिडकीत चहा पीत त्यांना खुंटाला पाणी घालताना बघायचे. शेणखत, हाडांचा चुरा, साबणाच्या पाण्याची फवारणी. रानगुलाबाला फुलं आलीच तर वर्षातून एकदा, बारकी पांढरी, तीही जुन्या फांद्यांवर. आणि सासूबाई दर थंडीत जुन्या फांद्या निष्ठेने कापत होत्या.

एक वर्ष गेलं आणि मंडळात कुणीतरी विचारलंच, "ह्याला फूल कसं नाही अजून?"

"माती तीच, पाणी तेच," सासूबाई म्हणाल्या. "झाडाला घर कळतं. घरात एक जण जरी मनातून कोरडं असेल ना, तरी त्याला कळतं." आणि दहा-बारा माना खिडकीकडे वळल्या.

मला तेव्हाही हसू आलं होतं. मग मुलगी दोन वर्षांची झाली, एक शब्द नाही, आणि सासूबाईंनी मंडळात जाहीर केलं, "रोप आणि पोर एकाच दिवशी घरात आली. दोघंही उतावळी नाहीत. हा फुलेल तेव्हा ती बोलेल."

त्या दिवसापासून मला हसू आलं नाही.

मी मुलीच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवायचे. दाराआडून हाक मारायचे. ताटली पाडायचे. कधी वळायची, कधी नाही. वळली तर ती आवाजाने वळली की सावलीने, हे ठरवता यायचं नाही. सगळं मी फोनमध्ये तारीख-वार लिहून ठेवायचे.

"तू सारखी तिची परीक्षा घेतेस," नवरा म्हणाला, "कंटाळते ती. मीही चार वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो, विचार आईला."

"तू अजूनही फारसा बोलत नाहीस."

कानांच्या तपासणीची वेळ मी दोनदा घेतली. पहिल्यांदा नवरा म्हणाला, आई म्हणते थोडं थांबू. दुसऱ्यांदा सासूबाईंनी परस्पर दवाखान्यात फोन करून सांगितलं, पोर बरी आहे, येत नाही. मी चिडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. पण तो दवाखाना बसने पाच थांब्यांवर आहे. मुलीला उचलून मी एकटी जाऊ शकले असते. गेले नाही. सासूबाई अडवत होत्या तोवर मला फक्त चिडायचं होतं. घाबरायचं काम पुढे ढकलता येत होतं.

तिसरी वेळ सोमवारी सकाळी दहाची मिळाली. आदल्या दिवशी रविवार.

मंडळ उठून गेलं होतं. मी खुर्च्या एकात एक घालत होते. मुलगी गुलाबाकडे तोंड करून उकिडवी बसली होती, बोटाने माती उकरत. तिच्या मागे, दोन हातांवर, सासूबाई नळाखाली पत्र्याची झारी धूत होत्या. झारी हातातून सुटली आणि फरशीवर आपटून गडगडत गेली. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मी स्वतः दचकले.

मुलगी माती उकरत होती.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या मुलीकडे बघत होत्या.

"मातीत रमलीय," त्या म्हणाल्या.

"उद्या दहा वाजता मी तिला नेणार आहे."

"सांगितलंय ना मी. ह्याला एक फूल येऊ दे, मग..."

"ह्याला फूल येणार नाही, आई."

"जिभेला काही हाड?"

"पानं मोजा. पाच नाहीत, एकेका काडीला सात आहेत. हा खुंट आहे. पहिल्या छाटणीला तुम्ही गाठीच्या खाली कापलंत."

त्यांनी पानं मोजली नाहीत. झारी उचलली, तिला पडलेला पोचा अंगठ्याने चाचपला.

"मला नको मोजायला शिकवू. चाळीस वर्षं ह्यात काढलीत मी. कात्री चालली तेव्हाच हाताला कळलं होतं."

माझ्या हातातली खुर्ची तशीच राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"बारा जणी बघत होत्या. छाटणीवर दोन रविवार बोलून झालं होतं माझं. काय सांगणार होते?"

"म्हणून दोन वर्षं माझ्यावर ढकललंत."

"कुणावर तरी जाणारच होतं. घरात तू होतीस."

इतक्या सरळ म्हणाल्या, जणू पावसात कोण भिजलं हे सांगत होत्या. मग त्यांनी डोळे बारीक केले. "तुला कधीपासून माहीत?"

"त्याच संध्याकाळपासून. केराच्या टोपलीत गाठ होती."

सासूबाई हसल्या, आवाज न करता, नुसते खांदे हलले. "म्हणजे मी रोज बादल्या ओतत होते आणि तू वर खिडकीत चहा पीत होतीस. मला वाटायचं, शिकतेय बापडी. दाखवत नाही, पण शिकतेय."

"मी पाणी घातलं नाही त्याला."

"हात धरलास का पण? दोघींनी मिळूनच वाढवलंय ते. अर्धं तुझं."

हे ऐकून अंगाचा तिळपापड झाला. मी विचारलं, "झाडाचं सोडा. पोरीला का बांधलंत त्याला? फूल येणार नाही हे ठाऊक असून?"

"ठाऊक होतं म्हणूनच." त्या मुलीकडे बघत बोलत होत्या. "फूल येत नाही तोवर वाट बघता येते. माझा धाकटा भाऊ तपासायला नेला होता. नेला तेव्हा नुसता गप्प होता. आणला तो मुका म्हणून. एका दुपारीत. मग आयुष्यभर मुकाच."

"ते तेव्हाचं, आई."

"तेव्हाही सगळे असंच म्हणायचे, आता पूर्वीसारखं राहिलं नाही म्हणून." त्यांनी झारी पालथी ठेवली. "ने. मी फोन करणार नाही. पण मला बरोबर चल म्हणू नकोस."

"म्हणणारही नव्हते."

सोमवारी नवरा आला, तोंड पाडून. तपासणीच्या खोलीच्या भिंतींना जाड मऊ अस्तर होतं. आत माझाच श्वास मला मोठा वाटत होता. मुलगी माझ्या मांडीवर. काचेपलीकडची बाई बटणं दाबत होती आणि कागदावर खुणा करत होती. बराच वेळ मुलगी खेळण्यातल्या अस्वलाचा कान चावत राहिली. मग एकदाच मान उचलली. तोवर आवाज केवढा वाढवला होता ते मला नंतर कळलं.

डाव्या कानाला कमी, उजव्याला फारच कमी. यंत्रं लावायची, बोलायला शिकवायचं, वेळ लागेल. "वर्षभर आधी आणलं असतं तर बरं झालं असतं," ती बाई म्हणाली, आणि पेनाचं टोपण लावलं.

नवऱ्याने माझा हात धरला. मी काढून घेतला, पण त्याच्यावर चिडून नाही. ते वर्ष कुणाचं होतं ते मी मनात मोजत होते, आणि कितीही वाटे पाडले तरी एक माझ्याकडे येतच होता.

यंत्रं आली. पहिल्याच दिवशी नळाच्या आवाजाने मुलगी किंचाळली, डाव्या कानातलं ओरबाडून काढलं आणि अंगणात भिरकावलं. ते नेमकं त्या काटेरी जाळीत गेलं. मी चप्पल घालेपर्यंत सासूबाई आत शिरल्या होत्या. पाऊण तासाने टेबलावर यंत्र ठेवलं. कोपरापर्यंत हात रक्ताळले होते.

"बॅटरीचं झाकण नीट लावत जा," म्हणाल्या, "गिळेल. शिकलेल्या घरातली पोरं अशीच जातात."

आमचं हे असं चालू राहिलं. त्या थंडीत त्यांनी गुलाबाला कात्री लावली नाही. मीही विचारलं नाही.

आणि थंडी संपता संपता तो फुलला. एका आठवड्यात अख्खा पांढरा झाला. बोराएवढी, पाच पाकळ्यांची, शेकड्यांनी फुलं. वासही होता थोडा. रविवारी मंडळ फाटकातच थबकलं. मुलगी अंगणात होती, दोन्ही कानांना यंत्रं. आठवडाभरापूर्वी तिने "पा" म्हटलं होतं. पाणी की पान, अजून ठरायचं होतं.

"बघा," निवृत्त शिक्षिका खुर्चीत टेकत म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात ते शब्दाला शब्द खरं झालं. झाड फुललं, पोर बोलायला लागली. ह्याला म्हणतात श्रद्धा." त्यांनी वही उघडली.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार नव्हते. हे आयतं फळ त्यांना घेता आलं असतं, आणि त्यांनी घेतलं असतं तर उरलेलं आयुष्य मी त्यांना त्यावरून टोचलं असतं. मी वाटच बघत होते त्याची.

"ही फुलं खुंटाची आहेत," सासूबाई म्हणाल्या. "कलम पहिल्याच वर्षी गेलं. मी गाठीखाली कापलं, तुम्हा सगळ्यांसमोर. ह्यावर्षी हात लावला नाही म्हणून हे तरी आलं. आणि पोरीला ऐकू येत नव्हतं. मशीन लावलंय म्हणून येतं."

पेन थांबलं. "हे लिहून घ्यायचं?"

"घ्या. समास सोडून." मग ट्रेकडे हात करत त्यांनी वाक्य पुरं केलं, जणू साखर पुढे करत होत्या. "आमच्या सूनबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगितलं नाही त्यांनी."

दहा-बारा माना माझ्याकडे वळल्या. ह्या वेळी खिडकीची काच मध्ये नव्हती.

"खरं का गं?" शिक्षिकांनी विचारलं.

सासूबाई टक लावून बघत होत्या. मी नाही म्हणाले असते तर त्यांच्याकडे पुरावा नव्हता. तो टोपलीच्या तळाशी मीच घातला होता.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं."

कुणी चहा उचलला नाही. मी ट्रे शिक्षिकांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. त्यांनी वही छातीशी धरली आणि आपली खुर्ची माझ्यापासून हातभर लांब सरकवली. पाय फरशीवर खरवडत गेले.

झाडापाशी उकिडवी बसलेली माझी मुलगी मागे वळली, कसला आवाज झाला ते बघायला.