दोन टोकांची सावड

चंद्रभाननं बूट काढले, त्यांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि जोडी लिंबाच्या फांदीवर टांगून दिली. बूट व्यंकटराव वकिलांचे. अंमळ मोठेच होते, म्हणून पुढं कापूस कोंबून काल दिवसभर त्यानं ते कसेबसे ओढले, आणि बक्षीस म्हणून टाचेवर हा एवढा फोड मिळवला. आता अनवाणी पायानं त्यानं खेळपट्टीवर अंथरलेली काथ्याची चटई दाबून बघितली. बरं वाटलं.

तेवढ्यात वकीलच मैदानातून लगबगीनं येताना दिसले. परभणीत चार पोरं गोळा करून त्यांना क्रिकेट शिकवायचा नाद या गृहस्थांनी लावून घेतला होता, आणि त्या नादापायी निम्मे पक्षकार घालवले होते.

"अरे, साहेब आले! काल मनमाडला गाडी चुकली त्यांची, पहाटे उतरले. आणि तू हा असा?"

"फोड आलाय वकीलसाहेब. अनवाणीच बरं पडतं मला."

"बरं, राहू दे. पण काल जे केलंस तेच आज कर. काल सहा गडी काढलेस, ते बघायला इथं कुणी नव्हतं. आज चारच काढ, पण साहेबांच्या डोळ्यांदेखत काढ. बाकी काही बोलायची गरज नाही."

साहेब म्हणजे दिनकरराव. हिंदुस्थानचा संघ निवडणाऱ्या मंडळींपैकी एक. त्या हिवाळ्यात गोऱ्यांचा संघ आपल्याकडं येऊन कसोट्या खेळणार होता. म्हणजे आपल्या मातीवर, आपल्या माणसांसमोर! सगळा संघ ठरला होता, एका गोलंदाजाची जागा तेवढी राहिली होती. निजामाच्या मोगलाईत परभणीकडं दोन चांगले हात आहेत असं कुणीतरी दिनकररावांच्या कानावर घातलं, आणि म्हणून हैदराबादच्या संघाशी हा दोन दिवसांचा सामना ठरला. दोन हातांपैकी एक चारठाण्याजवळच्या वाडीचा चंद्रभान, दुसरा सोनपेठचा रामकिशन. दोघंही परभणीकडूनच खेळत होते. एकाला दिनकरराव मुंबईला नेणार, दुसऱ्यानं घरी जायचं.

चंद्रभानला ती जागा हवी होती. उगाच खोटं कशाला बोला? रात्री झोपेत त्याचा हात फिरायचा आणि बायको कोकिळा दचकून उठायची. पण सकाळी हैदराबादच्या दुसऱ्या डावाला सगळे गडी मैदानात उतरले आणि संघाचे कप्तान म्हणून वकिलांनी नवा चेंडू त्याच्या हातात ठेवला, तेव्हा त्याच्या डोक्यात साहेब नव्हते. कालचा रामकिशन होता.

काल काय झालं होतं, तर एका टोकाकडून रामकिशननं सकाळपासून असे चेंडू टाकले की फलंदाजाला हलता येईना. ना आत, ना बाहेर, सगळे मधल्या दांडीवर. धाव निघेना तशी हैदराबादची मंडळी कावली, आणि सगळा राग काढायला गेली चंद्रभानच्या चेंडूवर. तिथं एकेक करून उडाली. सहा गडी चंद्रभानच्या नावावर लागले, रामकिशनच्या नावावर भोपळा. लोकांनी चंद्रभानला खांद्यावर घेतलं. रामकिशन मुकाट्यानं हौदावर हात धूत बसला होता.

चंद्रभाननं हे बघितलं, आणि त्याच्या मनानं त्याला एकच नाव दिलं. सावड.

त्याच्या गोठ्यात एकच बैल होता. शेजारच्या सटवाजीआबांच्या गोठ्यातही एकच. एका बैलावर पेरणीची तिफण चालत नाही, म्हणून दोन घरचे बैल एका जुवाला जोडायचे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. लेखी काही नसतं, साक्षीदार नसतो. पण ज्याच्या रानात काल माणूस राबला, त्यानं आज त्या माणसाच्या रानात जायचं, आजारी असला तरी जायचं. याच घडीला सटवाजीआबा दोन्ही बैल घेऊन चंद्रभानची ज्वारी पेरत होते. "आधी तुझं रान घेतो," असं म्हणून त्यांनीच त्याला परभणीला हाकललं होतं. जमिनीत पेरणीजोगा वाफसा होता तो चारपाच दिवस टिकणार. अशा वेळी दुसऱ्याचं रान आधी घेणं म्हणजे काय, हे ज्यानं पेरलंय त्यालाच कळेल.

मग आज कुणाची पाळी? चंद्रभाननं फार विचार केला नाही. असल्या गोष्टींचा विचार करायचा नसतो, असंच त्याला लहानपणापासून शिकवलेलं.

त्यानं पहिला चेंडू टाकला तो मधल्या दांडीवर. दुसरा तिथंच. तिसरा तिथंच. त्याच्या भात्यात एक चेंडू होता, थेट पायाच्या पंजात घुसणारा. काल त्यावर चौघं गेले होते. तो त्यानं आज बाहेरच काढला नाही. तासाभरात हैदराबादची मंडळी पुन्हा कावली, आणि या खेपेला रामकिशनवर तुटून पडली. पहिला झेल उंच उडाला. मग दुसरा. मग एकाच्या तिन्ही दांड्या.

"चंद्रभान!" वकील मिड-ऑफवरून ओरडले. "अरे, तो तुझा ठेवणीतला टाक ना!"

"टाकतो की, वकीलसाहेब."

आणि पुन्हा मधल्या दांडीवर. दुपारनंतर एक जाडजूड नवाबजादा खेळायला आला. त्याचा डावा पाय कायम पुढं अडकलेला, पंजा सताड उघडा. देवानंच बोलावून दाखवावं असा. चंद्रभानचा हात शिवशिवला. मांडवाखाली खुर्चीवर बसलेले दिनकरराव पुढं झुकलेले त्याला स्पष्ट दिसले. आता टाकला तर हा गेला, आणि हा गेला तर मुंबई. त्यानं घाम पुसला, धावत आला आणि चेंडू सरळ टाकला. नवाबजाद्यानं तो अडवला. पुढच्या ओव्हरमध्ये रामकिशननं त्याला काढलं.

संध्याकाळी मांडवाखाली दिनकररावांनी दोघांना जवळ बोलावलं. माणूस सरळ होता. आडपडदा न ठेवता बोलला.

"रामकिशन, तू तयारी कर. परवाच्या गाडीनं निघायचं." मग चंद्रभानकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. नेम आहे, दमही आहे. पण चेंडूला धार नाही रे."

"धार नाही?" वकिलांचा आवाज चढला. "काल सहा काढलेत यानं! साऱ्या गावाला विचारा!"

"काल मी नव्हतो, व्यंकटराव. जे मी पाहिलं नाही त्यावर निवड कशी करू? उद्या मला कुणी विचारलं तर काय सांगू, गावानं सांगितलं?"

यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं. वकील मुंडासं सावरत तरातरा निघून गेले. चंद्रभाननं साहेबांना रामराम केला, बूट फांदीवरून काढले आणि पाय धुवायला हौदावर गेला. रामकिशन आधीच तिथं होता. लाजल्यासारखा उभा होता.

"तुला वाईट वाटलं आसंल," तो म्हणाला.

"वाटलं की. पर त्याला विलाज न्हाई. काल तू माझ्यासाठी राबलास, आज माझी पाळी व्हती."

"राबलो? कशात?"

"आरं, सावडीत! दिवसभर त्यायला दाबून धरलंस म्हनून तर सहा गडी आले माझ्या वाट्याला."

रामकिशननं उजवा हात पुढं केला. मधलं बोट पेरापासून चिरलेलं होतं, वर हळद लावलेली.

"सावड कशाची, चंद्रभान? परवा विळ्यानं बोट कापलं. काल चेंडू वळवताच येईना. नुसता सरळ टाकता येत व्हता म्हनून सरळ टाकला. आज जरा बरं व्हतं." त्यानं हात खाली घेतला. "आन् तू... साहेब समोर असताना?"

चंद्रभान हौदाच्या काठावर बसला. मग त्याला हसू यायला लागलं, आणि ते आवरेना.

"हसतूस काय येड्यावानी? चल, साहेबाला सांगतो मी."

"काय सांगशील? माझं बोट कापलं व्हतं म्हनून ह्याला न्या? जा गप. तुजी मदत झाली ती झालीच की. तुला ठावं नव्हतं, म्हनून काय ती न झाल्यावानी व्हती?"

"पर म्या काय केलंच न्हाई तर तू फेडलंस कशाचं? आता हे फेडायचं माझ्याच अंगावर आलं."

"आसू दे. तिथं नीट टाक म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी वाडीला पोचेपर्यंत दिवस वर आला होता. चंद्रभानचं रान पेरून झालं होतं, रेघ मारल्यासारखी सरळ तासं. सटवाजीआबा आपल्या रानात होते आणि वाफसा उडत चालला होता.

"झाली का रं निवड?"

"न्हाई, आबा."

आबांनी का, कसं, काही विचारलं नाही. चंद्रभाननं त्यांच्या हातून तिफण घेतली. त्यांनी बी सोडायला चाड्यावर मूठ धरली. चंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं, ते जागा गेली म्हणून नव्हतं. आपल्यामागं असा एक माणूस उभा आहे, या विचारानं आलं. संध्याकाळपर्यंत दोघांनी ते रान उरकलं.

ज्वारी गुडघ्याला लागली तेव्हा तो बाजाराला परभणीला गेला. स्टेशनाबाहेर वकील भेटले. कसोटी बघायला स्वतःच्या खर्चानं मुंबईला जाऊन नुकतेच उतरले होते आणि भलतेच तापले होते.

"बघून आलो तुझ्या सोनपेठकराला! दिवसभर टाकलं. दिवसभर! एक गडी नाही. सगळे आपले मधल्या दांडीवर. आपल्या जिल्ह्याचं नाक कापलं."

चंद्रभाननं घाईनं विचारलं,

"आन् पलीकडच्या अंगानं कोन टाकत व्हतं?"

"होता एक पंजाबी पोरगा, पहिलाच सामना त्याचा. पाच काढले त्यानं. मैदान नुसतं दणाणून सोडलं लोकांनी. आपल्याला काय त्याचं?"

चंद्रभाननं वकिलांना वाकून नमस्कार केला. एवढ्या लांबून ही बातमी आणली, म्हणून. वकिलांना त्यातलं काही कळलं नाही आणि ते आणखीच चिडले.

घरी येऊन त्यानं सटवाजीआबांना सगळं सांगितलं, मैदानापासून मुंबईपर्यंत. आबांनी ऐकून घेतलं.

"त्याच्या घरी रान कोन बघायलंय?"

"म्हातारी आई हाय म्हनं. एकलीच."

"तुरीच्या शेंगा तडकायच्या दिवसांत? मग तू हितं काय करायलास? जा. हितलं मी बघतो."

परळीच्या गाडीनं तो निघाला. स्टेशनावर उतरून बरंच चालावं लागलं. सोनपेठला विचारत विचारत रामकिशनचं घर गाठलं तर दारात बायनाबाई, त्याची आई, सुपात ज्वारी पाखडत बसलेली. चंद्रभाननं रामराम केला.

"मावशी, रामकिशनच्या सावडीला आलोय. त्यो मुंबईला हाय तवर तूर कापून-सोंगून देतो."

बायनाबाईनं सूप खाली ठेवलं. त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"चंद्रभान का काय म्हनत्यात तो तूच का?"

"व्हय. तुमाला कसं ठावं?"

"कसं म्हंजे? आठ दिसाची सुट्टी घिऊन आलं की पोरगं. गठुडं हितं टाकलं, पानी प्यालं न्हाई. म्या म्हनलं, आरं, आपली तूर उभी तडकायली, कुठं निघालास? तर म्हनलं, चारठान्याच्या अंगाला एका वाडीवर माझी पाळी राहिलीय." तिनं कपाळाला हात लावला. "आज सकाळीच गेलं बग. तिकडं तुझ्या रानात काय काम हाय रं आत्ता?"

चंद्रभानच्या रानात आत्ता काडीचं काम नव्हतं. ज्वारी उभी होती, नुसती राखायची. तिकडं बांधावर आबा त्या पोराला बसवतील, भाकरी खाऊ घालतील आणि सारी हकीकत पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतील, हे त्याला दिसायला लागलं.

"लय काम हाय, मावशी," तो म्हणाला. डोळे पुसायला त्यानं मुंडाशाचं टोक ओढलं. "विळा द्या. त्यो यायच्या आत उरकायला पायजे."