खिळ्याभोवतीची भिंत

“इथे लावू का, मावशी?” यंत्रवाल्या बाईंनी चुलीच्या वरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं.

“तिथे माझा झारा असतो.”

“दोन दिवस झाऱ्याला सुट्टी द्या.”

लख्ख मावशींनी नाखुशीनेच झारा काढून घेतला. बाईंनी विटेएवढं एक पांढरं यंत्र खिळ्याला अडकवलं. त्यातला बारीक हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

“दोन दिवस नेहमीसारखाच स्वयंपाक करायचा. वेगळं काही करायचं नाही,” बाई म्हणाल्या. “तुमच्या घरात धूर किती होतो, तेवढं आम्हाला लिहायचं आहे. जिथे जास्त, तिथे सौर शेगडी आधी. छपरावर पॅनेल, खाली बॅटरी. तुम्हाला काही भरायचं नाही.”

एवढ्या बोलण्यातलं मावशींच्या कानात एकच राहिलं. तुमच्या घरात धूर किती, ते लिहायचं आहे.

मावशींना लख्ख हे नाव गल्लीने दिलं होतं. त्यांच्या पातेल्यात बघून मागच्या बोळातला शिंपी दाढी करतो, असं लोक चेष्टेने म्हणत. चूल पेटली की भिंत काळवंडणार, हे कोणाला चुकलंय? पण मावशी दर आठवड्याला चुना कालवून चुलीमागची भिंत पांढरी करत. लग्न होऊन या घरात आल्या त्या पहिल्या आठवड्यापासून, नवरा गेला त्या आठवड्याचा अपवाद सोडला, तर एकदाही खंड नव्हता. चुन्याचे थर चढून चढून भिंत त्या जागी चांगली बोटभर पुढे आली होती. दुसरं काही फारसं त्यांच्या आयुष्यात मिरवण्यासारखं नव्हतं. शिक्षण चौथीपर्यंत, मुलगा एक, तोही ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. मिरवायचं तर ही भिंत.

आणि आता कोणीतरी सरकारी कागदावर लिहिणार, की या घरात धूर आहे.

बाईंची पाठ वळली तशी मावशींनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मागच्या बोळात तीन विटा मांडल्या आणि भात तिथेच रांधला. संध्याकाळीही तेच. सून कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायच्या कामावर होती. ती दिवेलागणीला परते, तोवर जेवण झाकून तयार असे. विटा भिंतीला टेकवून ठेवलेल्या असत.

दुसऱ्या दिवशी शिंप्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “मावशी, गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा आहे माझ्या हातात. धुरी देऊन परत करू का त्याला?”

“आजचाच दिवस रे बाबा. उद्यापासून आत.”

“घरात काय पाहुणे झोपलेत?”

“तू शिलाई कर,” मावशी म्हणाल्या.

त्या दुपारी नात बाहेरच्या खोलीत झोपली होती. चार वर्षांची पोर, सगळे तिला पिटुकली म्हणत. मावशी तिच्याशेजारी सुपारी कातरत बसल्या होत्या. घरात काहीतरी कमी आहे असं त्यांना सारखं वाटत होतं. घड्याळ बघितलं, ते चालू होतं. नळ बघितला, तो बंद होता. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. पोरीची छाती वाजत नव्हती.

गेली दोन वर्षं पिटुकली झोपली की छातीतून शिट्टी यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धुरापासून लांब ठेवा. म्हणून तिला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची बंदी होती. पण घर दोन खोल्यांचं, धुराला उंबरा कुठे कळतो? मावशी मात्र डॉक्टरांवर विश्वास ठेवायला तयार नव्हत्या. पोरीच्या अंगात थंडी भरते, आई तिला बर्फाचे गोळे खायला घालते, हे त्यांचं निदान. सुनेला त्यांनी ते चार लोकांत ऐकवलंही होतं.

मावशींनी पोरीच्या छातीला कान लावला. आत नुसता श्वास येत-जात होता. त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी बाई यंत्र घेऊन गेल्या. चूल पुन्हा आत पेटली आणि चौथ्या दिवशी शिट्टी परत आली.

पुढच्या आठवड्यात सून कामावरून आली ती चप्पल न काढताच उंबऱ्यावर बसली.

“यादी लागली, आई. आपलं नाव नाही.”

“नाही म्हणजे?”

“अख्ख्या गल्लीत सगळ्यात कमी धूर आपल्या घरात. पहिला नंबर आला म्हणे तुमचा. कारकून हसत होता.”

पहिला नंबर म्हटल्यावर मावशींना क्षणभर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची त्यांना लगेच शिसारी आली. सून भांडली असती तर मावशींना सोपं गेलं असतं. तिने फक्त पदराने पोरीचं नाक पुसलं आणि म्हणाली, “मी कारखान्यात सांगून ठेवलं होतं, आमच्याकडे शेगडी येणार म्हणून.”

सकाळी मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून कचेरीत गेल्या. खिडकीपुढे दहा-बारा बायका रांगेत होत्या. मावशींच्या मागे शिंपीण येऊन उभी राहिली, तिच्यामागे आणखी बायका. यंत्रवाल्या बाई आत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या.

मावशींचा नंबर आला. “आमची मोजणी पुन्हा करा,” त्या हळूच म्हणाल्या.

“मोठ्याने बोला, आजी. पंखा वाजतोय.”

“मोजणी चुकली आमची.”

कारकुनाने कागद चाळले. “चुकली म्हणजे मोजणाऱ्या बाईंची चूक. तसं लिहू? त्यांच्यावर ठपका येईल.”

कोपऱ्यातल्या बाईंनी मान वर केली. त्यांचा चेहरा उतरला होता.

“त्यांची चूक नाही,” मावशी म्हणाल्या.

“मग कोणाची? यंत्राची?”

मावशींनी मागे रांगेकडे पाहिलं. सगळ्या ओळखीच्या होत्या. सगळ्यांनी कधी ना कधी त्यांची भिंत पाहून आपल्या सुनांना टोमणे मारले होते.

“माझी,” त्या म्हणाल्या. “मी आत चूल पेटवलीच नाही. मागच्या बोळात रांधलं. लबाडी केली.”

“अगं बाई, लख्ख मावशींच्या घरात धूर?” शिंपीण म्हणाली. तिच्या आवाजात गंमत होती, पण ती पुरती गंमत नव्हती.

“आहे. तुमच्याएवढाच आहे. जरा जास्तच असेल, माझं लाकूड ओलं असतं.”

कोणी हसलं नाही. कारकुनाने एक कागद पुढे सरकवला. “हे तुमच्या हाताने लिहून द्या. कारणासकट.”

चौथीपर्यंतची अक्षरं मावशींना एकेक करून बोलवावी लागली. त्यांनी लिहिलं, ‘माझ्या घरात धूर आहे. मी तो लपवला. नातीची छाती वाजते.’ सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

“या वेळी आठवडाभर लावावं लागेल,” त्यांच्याबरोबर बाहेर येत यंत्रवाल्या बाई म्हणाल्या. “आणि मावशी, भिंतीला चुना लावायचा नाही हं. हात लावायचा नाही.”

“आठवडाभर?”

“आठवडाभर.”

तो आठवडा मावशींना वर्षासारखा गेला. चूल पेटली की शिंपीण न सांगता यायची आणि पिटुकलीला उचलून न्यायची. “तुमच्याकडे काय धूर नाही का?” मावशींनी एकदा विचारलं.

“आमची चूल मी तुमच्यानंतर पेटवते,” शिंपीण म्हणाली. “तेवढं जमतं.”

मावशी नेहमीसारख्याच चुलीपुढे बसत, पण आता त्यांची नजर पातेल्यात नसे. धूर कुठून निघतो, कौलांखाली कसा साठतो, दारातून वाकून बाहेरच्या खोलीत कसा जातो, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. चुना लावायचा दिवस आला आणि गेला. भिंत काळवंडत राहिली. मावशींनी हात मांडीखाली दाबून धरले.

आठव्या दिवशी बाईंनी यंत्र काढलं, बटण दाबलं आणि आकडा वहीत लिहून घेतला.

“सांगा की. किती?”

“गल्लीत पहिला नंबर, मावशी. पण दुसऱ्या टोकाकडून.”

मावशींच्या तोंडून एक लांब श्वास सुटला. सून दारात उभी होती. ती हसली, आणि सासूकडे पाहत हसत राहिली. गेल्या कित्येक महिन्यांत तिला असं हसताना मावशींनी पाहिलं नव्हतं.

“तो बर्फाचा गोळा,” मावशी म्हणाल्या, “उन्हाळ्यात एखादा चालेल तिला.”

“बरं, आई.”

महिन्याभरात दोन माणसं येऊन छपरावर पॅनेल बसवून गेली. चुलीच्या जागी दोन तोंडांची शेगडी आली. पहिल्या दिवशी भात शिजला तरी मावशी झाकण उघडेनात. धूर नाही म्हणजे शिजलं नाही, असं त्यांना वाटत होतं. “आई, भात लागेल,” सून म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी उघडलं.

त्या आठवड्यात मावशींनी चुना कालवला आणि भिंत पांढरी केली. पुढच्या आठवड्यात सवयीने पुन्हा कालवला, कुंचला बुडवला आणि भिंतीपुढे उभ्या राहिल्या. नवं काळं कुठे दिसेना. कुंचल्यातून थेंब पडत राहिले. दुपार होती. उंबऱ्याच्या आत, जिथे यायची बंदी होती तिथे, पिटुकली सतरंजीवर पालथी झोपली होती. मावशींनी कान दिला. मग कुंचला हळूच बादलीत ठेवला, आवाज न करता.

खिळ्याभोवतीचा हातभर भाग त्यांनी रंगवलाच नव्हता. मधे यंत्राच्या आकाराचा जरा उजळ चौकोन आणि त्याच्या चारी बाजूंनी तेव्हापासूनची काजळी, तशीच ठेवली होती.

“हे राहिलं वाटतं, मावशी?” शिंपीण आली की विचारते.

“राहिलं नाही,” मावशी म्हणतात. “तो आमचा धूर आहे.” आणि त्या खिळ्याला झारा अडकवतात.