बाहेरचं आळं

“मॅडम, देशाचं कर्ज माफ झालं, तर त्या देशातल्या गरिबाच्या ताटात काय पडतं?”

प्रश्न माझाच. पण तो मोठ्यानं विचारायला लावला शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणींनी, हिमानी आणि प्रणालीनं. पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेत अकरावीच्या सगळ्या मुलींना सभागृहात बसवलं होतं. आम्ही बायोवाल्या पंख्याखालची जागा धरून मागे. समोर धनश्री मॅडम बोलत होत्या. त्या मूळच्या सौसरच्या, पण आफ्रिकेतल्या देशांमध्ये बरीच वर्षं काम करून आलेल्या. त्या सांगत होत्या की काही गरीब देशांचा पैसा कर्जाच्या हप्त्यांतच जायचा. मग श्रीमंत देशांनी आणि मोठ्या बँकांनी त्यांची कर्जं माफ केली, पण अट घातली: वाचलेला पैसा शाळा, दवाखाने, पाणी यांवर लावा, म्हणजे गरिबी कमी होईल.

मी हिमानीच्या कानात म्हटलं, “ते ठीक हाये, पण ताटात काय पडते?”

“हिंमत असन तं मॅडमले विचार,” ती म्हणाली. “तर्री-पोहे माह्याकडून.”

“हे कायले विचारते वं,” प्रणाली खिदळली. “हिले बेडकाचं पोट समजून घ्याचं हाये, देशाचं नाई.”

बस! झाले मी उभी. मागच्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा माझा आवाज सरांपर्यंत पोचत नसे. या वर्षी चष्मा लागला आणि कोण जाणे कसा, आवाजही फुटला.

धनश्री मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आपोआप तर काहीच पडत नाही. हप्ता वाचला की पैसा आधी राजधानीत राहतो. तिथून गावात आणावा लागतो. टांझानियानं प्राथमिक शाळेची फी काढून टाकली, तेव्हा मुलं इतकी आली की बसायला जागा पुरेना. ते पैसे पोचले. सगळीकडे असं झालं नाही.”

माझ्या तोंडून निघूनच गेलं, “मंजे दुहेरी आळ्यासारखं!”

सभागृह हसलं. संत्र्याच्या बागा ज्यांच्या घरी आहेत त्याच जास्त हसल्या. मॅडमनी माईक बाजूला ठेवला. “थांब, समजावून सांग.”

मग काय, मी सुटलेच. संत्र्याच्या झाडाभोवती आम्ही दोन आळी करतो. बुंध्याजवळचं आळं कोरडं ठेवायचं आणि पाणी द्यायचं बाहेरच्या आळ्यात, कारण पाणी पिणारी बारीक मुळं तिथं असतात. पाणी बुंध्याशी साचलं की झाडाला डिंक्या होतो. साल फुटते, डिंक गळतो, झाड वाळत जातं. “पैसा राजधानीत साचला तर देशाला डिंक्याच होईल ना, मॅडम?”

मॅडम स्टेजच्या पायरीवर येऊन बसल्या. “बरोबर. पण मला एक सांग. बाहेरचं आळं आखायचं कुणी? पाणी देणाऱ्यानं, की झाडाच्या मालकानं? तिकडे कर्ज माफ करणारे आणि ते देश, आम्ही सगळे यावरच सगळ्यात जास्त भांडायचो.”

आधी वाटलं मालकानं, मग वाटलं पाणी देणाऱ्यानं. आणि गंमत म्हणजे, ठरत नव्हतं याचं मला वाईट वाटेना. एवढी मजा मला पेशींच्या आकृत्या काढताना कधी आली नव्हती.

सभागृहातून मी पोहे खायला नाही, सरळ ऑफिसात गेले. अकरावीचे विषय शनिवारपर्यंत बदलता येत होते. पण पालकांना सोबत आणावं लागणार होतं, आणि अडचण तिथंच होती. बाबांनी सगळं ठरवून टाकलं होतं: आधी बायो, मग कृषी महाविद्यालय, मग आमच्या तिगावच्या बागेला घरचीच डॉक्टर. बायोची पुस्तकं त्यांनी स्वतः नागपूरहून आणली होती आणि एकेकाला कव्हर घालून दिलं होतं.

घरी आले तर बाबा बागेत डिंक्या होऊ नये म्हणून बुंध्यांना बोर्डो मलम लावत होते. आई बादली धरून पुढं चालली होती. मी दप्तर फांदीला अडकवलं आणि मॅडमचा प्रश्न जसाच्या तसा त्यांना टाकला.

“त्यात काय विचाराचं?” बाबा म्हणाले. “आळं मालकानंच आखावं. मुळं कुठवर गेली ते त्याले मालूम. दुसऱ्यानं आखलं तं अर्धी मुळं तोडून ठेवन.”

“अन् मालक आळशी असन तं?” आई म्हणाली. “तुमच्या भावानं आखलं होतं ना स्वतः! गेली ना चार झाडं?”

“त्याचं नाव कायले काढतं वं मधातच?”

“काढीन. पाणी देनाऱ्यानं येऊन पाहावं तरी, का बुंधा वला तं नाई होऊन राहिला.”

“पाहावं ना, कोन नाई म्हणते? पण फावडं हाती घेऊ नाई त्यानं.”

“अन् घेतलं तं?”

“तं मंग बाग त्याचीच झाली!”

बाबांचा ब्रश हवेतच राहिला. आईनं बादली खाली ठेवली, पदर खोचला. त्या दोघांना वाटत होतं ते शेतीवर भांडत आहेत. मी मात्र मधे उभी राहून आफ्रिकेतले मोठमोठे साहेब भांडताना पाहून राहिले होते, आणि मला हसू आवरेना.

“तू काऊन हासून राहिली?” बाबांनी विचारलं. “कृषीच्या कॉलेजात हेच शिकवतीन तुले.”

“तिथं झाडाचं शिकवतीन, बाबा. मले देशाचं शिकाचं हाये.”

ब्रशावरून मलम त्यांच्या पायावर ठिबकलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांच्या मनात ती कव्हर घातलेली पुस्तकं आली असणार. माझ्याही मनात आली. पण आता थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

“आई, बाबा, आयका,” मी म्हणाले. “मी बायो सोडून राहिली. अर्थशास्त्र घेते. उद्या शाळेत पालकाले घेऊन जाचं हाये. विषयाचं मी ठरवलं. संग कोन येते, तेवढं तुम्ही ठरवा.”