वाखाणलेला दोम्ब्रा

साबिरजानने रेडिओ बंद केला त्याला आता बरीच वर्षं झाली. स्वतःच्या घरातला, माझ्या गाडीतला, आणि संधी मिळाली तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही. त्याचं म्हणणं असं, की आमच्या जिल्ह्याच्या गावात रेडिओवर सकाळी एक मुलगी एका गायकाला सोडून जाते, आणि दुपारपर्यंत तीच मुलगी आणखी चौघांना सोडते. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. एवढी पायपीट करून ती दमत कशी नाही, याचं त्याला नवल वाटायचं.

साबिरजान लग्नांत निवेदन करतो. आमच्याकडे लग्न म्हणजे दोन-तीनशे माणसं, आणि प्रत्येकाला स्वतःविषयी काहीतरी चांगलं ऐकायचं असतं. ते सगळं चांगलं साबिरजान बोलतो. नवऱ्याच्या मामाचा घोडा, नवरीच्या आत्याचा कोट, व्याह्यांच्या सात पिढ्या, हे वाखाणून होईपर्यंत पाहुण्यांपुढचं मांस निवून जातं. त्याची जीभ एकदा सुटली की तिला आवरणारं माणूस एकच, त्याची बायको कुलझिपा. ती टेबलाखालून चिमटा काढते. चिमटा बसला की साबिरजान आपण एक सुंदर शेवट केल्याच्या थाटात थांबतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

मी त्याचा समवयस्क शेजारी. माझ्याकडे गाडी आहे, एवढाच या गोष्टीशी माझा संबंध.

तर रेडिओ बंद केल्यावर या माणसाने संगीत शोधायची स्वतःची रीत काढली. लग्नात जेवणं चालू असताना तो बाहेर जायचा. तिथे चहाच्या सामोवारापाशी लांबच्या गावांहून आलेले लोक सिगरेट ओढत उभे असतात. त्यांना तो विचारायचा, तुमच्याकडे असं कोण वाजवतं, ज्याला कुणी कुठे बोलावत नाही? लोक आधी हसायचे, मग आठवू लागायचे. कुणाची विधवा काकी, कुणाचा रेल्वेतून निवृत्त झालेला सांधेवाला. मग कधीतरी साबिरजानच्या फोनवर काहीतरी येऊन पडायचं. बहुतेकदा ते ऐकण्यासारखं नसायचं. साबिरजान ते शेवटपर्यंत ऐकायचा आणि पाठवणाऱ्याचे आभार मानायचा. त्याच्या या चिकाटीचं मला कौतुक होतं, पण आम्हा समवयस्कांना एकमेकांची चेष्टा करायचाच हक्क असतो, कौतुकाचा नाही, म्हणून मी ते कधी बोललो नाही.

एके दिवशी कारागाश नावाच्या गावाहून एक संदेश आला. त्यात एक माणूस आपल्या मेव्हण्याशी गवताच्या गठ्ठ्यांवरून वाद घालत होता. पाठवणाऱ्याने चुकून पाठवला की काय, असं आम्हाला वाटलं. पण त्या वादाच्या मागे, बहुधा शेजारच्या खोलीत, कुणीतरी दोम्ब्रा वाजवत होतं. दोनच तारा, बोटांनी हलकेच छेडलेल्या. साबिरजानने तो संदेश इतक्या वेळा ऐकला, की गवताचा सगळा वाद त्याला पाठ झाला आणि मेव्हण्याची बाजू पटली.

"हा कुय मी कधीच ऐकलेला नाही," तो म्हणाला. कुय म्हणजे दोम्ब्र्यावर शब्दांवाचून सांगितलेली गोष्ट. आमच्याकडचे जुने कुय त्याला झाडून माहीत होते. "गाडी काढ."

कारागाश म्हणजे रेल्वेच्या फाट्यापलीकडे मोकळ्या माळावर पंचवीसेक घरं. दोम्ब्रा वाजवणाऱ्या झिलिखा आपा. वय सत्तरीच्या पुढे, बोलणं मोजकं, आणि भुवया अशा की माणूस न विचारताच बूट पुसून आत येतो. नवरा सुतार होता, तो गेला. त्याने कोरलेला एकुलता एक दोम्ब्रा खिडकीशी टांगलेला. आपांच्या सुनेने चहा ओतला, कणकेचे तळलेले बाउरसाक पुढे ठेवले. साबिरजानने हवापाणी, गुरंढोरं, नातवंडं अशी रीतसर वळणं घेत विचारलं, की तो जुना कुय तुम्ही कुणाकडून शिकलात?

"जुना कसला," आपा म्हणाल्या. "गेल्या वर्षी नळ आला, त्याचा आहे."

त्यांनी दोम्ब्रा काढला आणि वाजवला. काय सांगू. आधी नुसती वाट पाहणं होतं, सगळं गाव बादल्या घेऊन उभं. मग नळाने खाकरून घसा साफ केला आणि त्यातून हवा आली. पुन्हा हवा. कुणीतरी हसलं, कुणी बादली पालथी करून तिच्यावर बसलं. आणि मग लोक आपसात बोलत असताना, कुणाचं लक्ष नसताना, पाणी आलं. ते पाणी दोन तारांवर इतक्या साधेपणाने आलं, की मी नकळत पेला पुढे केला. सुनेला वाटलं मला चहा हवाय.

त्यानंतर आपांनी आणखी वाजवले. सुनेने या घरात केलेल्या पहिल्या चहाचा एक. शहरात नोकरीला गेलेल्या मुलाच्या, न वाजणाऱ्या फोनचा एक. सगळे त्यांचे स्वतःचे, सगळे नवे. आम्ही नव्या संगीतासाठी तरुणांच्या मागे फिरत होतो, आणि ते इथे एक म्हातारी गुरांचं दूध काढून झालं की रचत होती. खोटं कशाला सांगू, चौथ्या कुयाला माझा डोळा लागला. प्रवासही लांबचा होता. साबिरजान मात्र श्वास रोखून बसला होता. आपांचं बोट कुठे अडखळतंय आणि कुठे मुद्दाम थांबतंय, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

वाजवणं संपलं आणि साबिरजान बोलू लागला.

आमच्याकडे पाहुण्याने घरातली एखादी वस्तू मनापासून वाखाणली, तर ती त्याला देऊन टाकायची रीत आहे. हे पोराबाळांनाही ठाऊक असतं, म्हणून शहाणी माणसं दुसऱ्याच्या घरी फक्त हवेचं कौतुक करतात. साबिरजानलाही हे ठाऊक होतं. सुरुवात त्याने कुयापासून केली, त्यात धोका नव्हता. पण धंद्याची सवय. कुयावरून तो आपांच्या बोटांवर आला, बोटांवरून तारांवर, तारांवरून दोम्ब्र्याच्या पोटावर. असं लाकूड, असा कोरीव गळा, असा आवाज आपण जन्मात पाहिला नाही, असं तो म्हणाला. मी खोकलो. त्याला वाटलं मला दाद द्यायचीय. चिमटा काढणारी कुलझिपा घरी होती.

आपा उठल्या. दोम्ब्रा कापडात गुंडाळला आणि साबिरजानच्या मांडीवर ठेवला.

"तुला आवडला. घेऊन जा, पोरा."

साबिरजान गयावया करू लागला, तशा आपांच्या भुवया वर गेल्या. दिलेलं नाकारणं म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या हातचं काम नाकारणं. आम्ही दोम्ब्रा घेऊन निघालो. दारात सून उभी होती. आमच्या घोड्याला, म्हणजे माझ्या गाडीला, तिने ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर गाडी दोनदा बंद पडली.

वाटेत साबिरजान इतकंच म्हणाला, "जन्मभर शोधलं, सापडलं, आणि तोंडाने बंद पाडलं."

घरी कुलझिपाने सगळं ऐकून घेतलं आणि यापुढे नवऱ्याला एकट्याला सोडणार नाही, असं मला सांगितलं. जणू मी तिथे नव्हतोच. साबिरजानने शहरातून एक उत्तम दोम्ब्रा आणून कारागाशला पोचवला. आपांनी तो दोनदा छेडला आणि भिंतीला टांगला. "या लाकडाने अजून काही पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. तो तिथेच टांगलेला राहिला. कारागाशहून फोन आला की साबिरजान आधी विचारायचा, आपा वाजवतात का? नाही वाजवत. तो लग्नांत नेहमीसारखाच बोलायचा, पण मांस गरम असतानाच लोकांना जेवायला मिळू लागलं. लोक कुजबुजायला लागले, की याला काहीतरी झालंय.

उपाय कुलझिपाने काढला. त्यांचा नातू पाऊल टाकू लागला होता. आमच्याकडे अशा वेळी पोराच्या पायांना दोरी बांधतात आणि ज्याच्यासारखं चालावं असं वाटतं, अशा माणसाकडून ती कापवतात. हा मान झिलिखा आपांना द्यायचा. असं बोलावणं नाकारता येत नाही. मग त्या आपल्याकडे पाहुण्या. दोम्ब्रा समोरच्या भिंतीवर. त्यांनी एक चांगला शब्द काढला, की लगेच उतरवून त्यांच्या मांडीवर.

आपा आल्या, दोरी कापली, पोरगं चार पावलं चाललं आणि बसलं. सगळे जेवायला बसलो. बेत सगळ्या पाहुण्यांना ठाऊक होता, त्यामुळे खोलीत तीसेक माणसं एका म्हातारीच्या तोंडाकडे बघत जेवत होती. आपांनी भिंतीकडे पाहिलं. सगळ्यांचे हात थांबले.

"भिंतीला ओल आहे," आपा म्हणाल्या. "तिथे वाद्य टांगू नये."

साबिरजानने घाईने दोम्ब्रा उतरवला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. कुलझिपाने धीर केला आणि गोडीत विचारलं, आपा, एवढं सोडून वाद्याबद्दल काही?

"सूनबाई, मी दिलेलं मीच वाखाणलं, तर मागून घेतल्यासारखं होईल," आपा म्हणाल्या आणि सुरी हातात घेतली. त्या सगळं ओळखून होत्या. बेत तिथेच संपला. साबिरजान मान खाली घालून दोम्ब्र्याच्या तारांवरची धूळ बोटाने पुसत राहिला, तार वाजणार नाही इतक्या हळू.

मानाचं म्हणून मेंढ्याचं डोकं आपांपुढे ठेवलं होतं. त्यातला कान कापून लहानांना द्यायचा असतो, म्हणजे त्यांनी मोठ्यांचं ऐकावं. आपांनी एक कान नातवाच्या हातात दिला. दुसरा कापला आणि पंगतीवरून नजर फिरवली. ती साबिरजानवर थांबली. मग त्यांनी हात लांब केला आणि तो कान माझ्या ताटात ठेवला.

"तू चौथ्याला झोपला होतास," त्या म्हणाल्या. मग साबिरजानकडे बोट केलं. "त्याला नको. त्याचे कान चांगले आहेत. असे कान मी पाहिले नाहीत."

साबिरजानला उमगायला जरा वेळ लागला. कुलझिपा मात्र शांतपणे चहा ओतत होती.

"अहो, पाहुण्यांनी वाखाणले," ती म्हणाली. "द्यावे लागतील."

"कान?" साबिरजान म्हणाला.

"आपांचे झाले आता ते. कापून देण्यात अर्थ नाही, तुमच्यासकट न्यावे लागतील. दर शुक्रवारी पोचवत जा." आणि आपांकडे वळून म्हणाली, "चालेल ना, आपा? स्वभावाने जरा बडबडे आहेत."

आपांनी भुवया वर केल्या, पण या खेपेला एकच. "शुक्रवारी चालेल," त्या म्हणाल्या. "रिकामे कान आणू नकोस, पोरा. तुझ्या मांडीवर आहे ते घेऊन ये."

तेव्हापासून दर शुक्रवारी मी गाडी काढतो. दोम्ब्रा साबिरजानचा, कान आपांचे, पेट्रोल माझं. साबिरजान दोम्ब्रा मांडीवर घेऊन जातो, आपांच्या हातात देतो, आणि निघताना परत घेतो. दिलेलं परत गेलं असं कुणाला म्हणता येत नाही. मी तिथे आता झोपत नाही, ताटात पुन्हा कान पडेल या भीतीने म्हणा. पण खरं सांगायचं, तर त्या दोन तारांत गेल्या काही महिन्यांत मी इतकं ऐकलंय, की आता गाडीतला रेडिओ मी स्वतःच काढून ठेवलाय.

गेल्या शुक्रवारी आपांनी नवा कुय वाजवला. कशाचा आहे ते त्यांनी सांगितलं नाही. त्यात तारा आधी घाईघाईने खूप बोलतात, एकमेकींना बोलू देत नाहीत, आणि मग एका जागी एकदम थांबतात. त्या थांबण्यात असं काही आहे, की माळावरचा वारासुद्धा ऐकू येतो. परतीच्या वाटेवर साबिरजान म्हणाला, की पहिला भाग त्याने दोम्ब्र्याचं केलेलं कौतुक आहे, आणि काय सुंदर बांधलाय. कुलझिपा आता आमच्याबरोबर येते, मागच्या सीटवर बसते. तिला पहिला भाग विशेष वाटला नाही. तिच्या मते सगळा कुय त्या थांबण्यासाठीच केलाय, आणि तसा थांबणारा नवरा आपल्याला आहे हे आपांमुळे कळलं.

साबिरजानने यावर बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि फाटा येईपर्यंत आम्ही तिघंही गप्प बसून तो कुय आठवत राहिलो.