फोन कुणी केला

नानासो पहिल्यांदा विश्रामबागेतल्या कार्यालयात आले, तेव्हा आम्रपालीला खटकली ती त्यांची नम्रता. फौजेतून हवालदार होऊन परतलेला, तासगावकडं द्राक्षबाग आणि स्वतःचं बेदाण्याचं शेड असलेला माणूस. पण चपला दाराबाहेर काढून आत आला, माहिती अधिकाराचा अर्ज टेबलावर ठेवला आणि बसा म्हटलं तरी उभाच राहिला. कृष्णातीर रुग्णवाहिका कक्षाची माहिती अधिकारी म्हणून तिच्याकडं अर्ज नेहमीच यायचे. अर्जदार सहसा यायचे नाहीत.

त्यांची सून संयोगिता शेडातल्या बेदाणे वाळवायच्या उंच रॅकवरून खाली पडली होती. त्या दिवशी गाडी कधी निघाली, कधी पोचली, हे त्यांना हवं होतं. शिवाय फोन कुठल्या नंबरवरून आला, तो नंबर आणि बोलण्याचं रेकॉर्डिंग.

"सूनबाई वाचली, म्याडम. सातारला म्हायेरी हाय आता," नानासो म्हणाले. "घरातल्या कुणी फोन केला न्हवता. ज्यानं केला त्याला शाल-नारळ द्यावा म्हंतो."

"गावात विचारलं नाही?"

"इचारलं की. कोण कबूलच हुईना."

ते गेल्यावर आम्रपालीनं अर्ज पुन्हा वाचला. चांगलं काम केलेला माणूस ते लपवेल कशाला?

तिनं रेकॉर्डिंग काढून कानाला लावलं. एका बाईचा दबका आवाज होता. "शेडात सून पडलीया. पडली न्हाई, सासऱ्यानं ढकललीया. लवकर या. आन् माजं नाव कुटं घिऊ नगा." फोन घेणाऱ्यानं नोंद केली होती फक्त 'उंचावरून पडणे'.

आम्रपाली कक्षाच्या प्रमुखांकडं, विश्वजित यांच्याकडं गेली. रेकॉर्डिंग ऐकायच्या आधीच ते म्हणाले, "सगळंच नाकारा. सुरक्षेचं कारण द्या. गाड्यांच्या हालचाली बाहेर द्यायच्या नसतात."

"होऊन गेलेल्या वेळा दिल्या तर कसली सुरक्षा धोक्यात येते, सर?"

"सांगितलं तेवढं करा," विश्वजित म्हणाले. आम्रपालीनं जागेवर येऊन त्या दिवसाची माहिती उघडली, तेव्हा कारण कळलं. तासगावची गाडी एका बड्या पाहुण्याच्या दिमतीला महाबळेश्वरला धाडली होती आणि धाडली होती विश्वजितनीच. दुसरी गाडी लांबून यायची म्हणून संयोगिता तासाभराहून जास्त वेळ शेडात पडून राहिली होती.

आता तिला दोघांचाही संशय येऊ लागला. एकाला सगळं हवं होतं, दुसऱ्याला काहीच द्यायचं नव्हतं, आणि दोघांचंही कारण ऐकायला चांगलं होतं.

नंबर द्यायचा नाही हे तिनं ठरवलंच होतं. तरी पोलिसांना कळवू का असं त्या बाईला एकदा विचारावं, सावध करावं, असं वाटून तिनं टेबलावरच्या फोनवरून तो नंबर लावला. पुरुषाचा आवाज आला.

"रुग्णवाहिका कक्षातून बोलतेय," ती म्हणाली.

"हितनं कुणी फोन केला न्हाई," तो माणूस घाईनं म्हणाला आणि फोन कट झाला.

तिनं तर अजून काही विचारलंच नव्हतं.

उत्तर तिच्या सहीनं गेलं. गाडीच्या वेळा सगळ्या दिल्या. नंबर आणि रेकॉर्डिंग, जिवाला धोका होऊ शकतो म्हणून नाकारलं.

उत्तर मिळाल्यावर नानासो पुन्हा आले. लिफाफा फोडलासुद्धा नव्हता.

"अपील करायचंय का?" तिनं विचारलं.

"नगं. काम झालं आमचं." ते शांतपणे म्हणाले. "शेडवर आमचा आकाराम हाय न्हवं, त्याच्या घरी तुमचा फोन आला हुता. घाबरून त्यानंच सांगितलं. त्याची बायकू, क्रांती, लय मायाळू हाय बघा."

त्यांनी सावकाश चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.

आम्रपाली तशीच विश्वजितच्या केबिनमध्ये शिरली. पोलिसांना पत्र द्यायचं, सोबत रेकॉर्डिंग जोडायचं, आत्ताच, ती म्हणाली.

"चौकशी लागली की गाडीचाही विषय निघेल," विश्वजित म्हणाले.

"वेळा त्यांच्या हातात गेल्यात, सर. आता लपवायचं काय राहिलं?"

त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि पत्रावर सही केली. लाजेनं केली की पुढचा हिशेब करून, हे तिला कधीच कळलं नाही.

पोलीस गावात पोचले तर आकारामच्या घराला कुलूप. तो शेडवर सापडला, पण बायको कुठं गेली ते सांगेना. आम्रपालीच्या मनात नको नको ते आलं. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून निरोप आला: क्रांती पहाटेच्या एसटीनं निघून थेट संयोगिताच्या माहेरी पोचली होती.

साक्षी नावाच्या पोलीस हवालदारासोबत आम्रपालीही तिथं गेली. संयोगिता कमरेला पट्टा बांधून पडली होती. तोवर ती सगळ्यांना पाय घसरला असंच सांगत आली होती. साक्षीनं रेकॉर्डिंग लावलं. ते ऐकताना संयोगितानं क्रांतीचा हात धरला आणि संपल्यावर म्हणाली, "लिहून घ्या. वाटणी मागितली म्हणून ढकललं मला."

नानासोंना त्याच आठवड्यात अटक झाली. विश्वजितची चौकशी लागली, ती अजून चालू आहे.

साताऱ्यात त्या दिवशी आम्रपाली निघाली, तेव्हा क्रांती दारापर्यंत आली. हातात अर्धवट सोललेला लसूण होता.

"मी म्हटलं हुतं, नाव घिऊ नगा."

"नाव मी कुणाला सांगितलं नाही," आम्रपाली म्हणाली.

"पर फोन का केलासा, बाई?"

"चुकलं माझं," आम्रपाली म्हणाली.

"आता कोर्टात माजं नाव येनार?"

नाही म्हणावं असं तिला फार वाटलं.

"येईल," ती म्हणाली.

क्रांतीनं मान हलवली आणि आत जाऊन संयोगिताच्या उशाशी बसून उरलेला लसूण सोलू लागली.